आत्ता चालू आहे

"साहेब, चालू आहे," शेठ म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं वाक्य जरा सावरून घेतलं. "आत्ता चालू आहे."

लॅमिंग्टन रोडच्या एका आडगल्लीत, दुकानाच्या पोटमाळ्यावर मी मान वाकवून उभा होतो. समोर स्टुलावर २१ इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर, मागे त्याची उघडी पडलेली सर्किटं आणि पडद्यावर रंगीत पट्टे. पट्टे छान येत होते. भाड्याची खोली दाखवताना मालक नळ सोडून दाखवतो आणि नेमकं तेव्हा पाणी धो धो येतं, तसे छान येत होते.

"गॅरंटी?" मी विचारलं.

शेठनं पोऱ्याकडे पाहिलं. पोऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आजीनं वेफर्सचं पाकीट उलटंपालटं करून 'हे घरी केलंय का' असं विचारावं, तेव्हा दुकानदार जसा बघतो तसे दोघं बघत होते.

"गॅरंटी तर माणसाची पण नाही, साहेब."

हे वाक्य मुंबईच्या बाजारात मी लहानपणापासून ऐकतो आहे. छत्रीवाला म्हणतो, घड्याळवाला म्हणतो, कमरेचा पट्टा विकणाराही म्हणतो. इतकी वर्षं रोज वापरात असून न बिघडलेली बाजारातली वस्तू एकच, ती म्हणजे हे वाक्य.

मला हा मॉनिटर कशाला हवा होता ते आधी सांगतो. घरी चारदा सांगून झालं आहे. तिथे पटलेलं नाही, निदान तुम्हांला पटतं का बघू.

आमच्या डोंबिवलीत शाळेच्या वाटेवर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पार्लर हा शब्द मोठा. प्रत्यक्षात दहा बाय बाराचा गाळा, दाराला काळा पडदा आणि आत भिंतीला पाठ लावून उभी असलेली चार मशिनं. एक रुपयाला एक टोकन. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेव्हा आमच्या लेखी तो फक्त 'मुस्तफा' होता. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एक मुस्तफा, तो सगळ्यांत चपळ, आणि बाकीच्या तिघांची नावं वाचण्याइतका वेळ एका रुपयात मिळत नसे. देशभरच्या पोरांनी एकमेकांना न विचारता त्या गेमचं बारसं केलं आणि नाव एकच ठेवलं. दुसऱ्या कुठल्या बाबतीत आपलं इतकं एकमत झालेलं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी कल्याणला एका भंगारवाल्याकडे मला तसलं एक मशीन दिसलं. लाकडी पेटी शाबूत, जॉयस्टिक दोन, बटणं सहापैकी चार, टोकन टाकायची फट तोंड वासून तशीच. पडद्याच्या जागी मात्र भोक होतं आणि त्या भोकात मांजर व्यालेली होती. भंगारवाल्यानं पैसे घेतले आणि म्हणाला, "मांजर हलली की घेऊन जा." मांजरीनं तीन आठवडे घेतले. तेवढ्यात मी गेमचा बोर्ड मिळवला, पॉवर सप्लाय मिळवला. राहिला मॉनिटर.

इथे आमचे संस्कार आडवे आले. गॅरंटीशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं आणि त्यानंतर चार-पाच वर्षांनी ते रंग आमच्या घरी पोचले. टीव्हीचं गॅरंटी कार्ड बाबांनी कपाटाच्या लॉकरमध्ये, आईच्या पाटल्या आणि एलआयसीच्या पॉलिसी यांच्या मधोमध ठेवलं. कार्डावर दुकानाचा शिक्का पुसट उमटला होता म्हणून भर उन्हात परत जाऊन त्यांनी दुसरा मारून आणला. खोकं माळ्यावर गेलं, आतल्या थर्माकोलसकट. "गॅरंटी आहे तोवर खोकं टाकायचं नाही." गॅरंटी एक वर्षाची होती. खोकं २००९ साली खाली आलं, तेही घर रंगवायला काढलं म्हणून. टीव्ही त्या पहिल्या वर्षात एकदाही बिघडला नाही. बाबांना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं. एवढी तयारी केली आणि उपयोग झाला नाही.

तेव्हा मी आधी सभ्य मार्गानं गेलो. चकचकीत शोरूम, एसी, गळ्यात पट्टा अडकवलेला तरतरीत मुलगा आणि सपाट एलसीडी मॉनिटर.

"तीन वर्षांची वॉरंटी आहे, सर. कुठे बसवणार?"

"लाकडी पेटीत."

"म्हणजे याची प्लॅस्टिकची बॉडी काढावी लागेल. मग सील तुटेल, सर."

"सील न तोडता कसा बसेल?"

"नाही बसणार, सर."

"मग?"

"मग वॉरंटी चालू राहील, सर."

मुलगा चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच माझ्या वॉरंटीची काळजी होती. मॉनिटरचं मात्र काहीही होवो. मी वॉरंटीची पुस्तिका मागून घेतली आणि तिथेच उभ्यानं वाचली. त्यानं पाणी आणून दिलं. माझ्या आधी ती पुस्तिका कुणी वाचली नसावी, कारण पानं एकमेकांना चिकटलेली होती.

त्यात लिहिलं होतं की पडद्यावर एखादा ठिपका कायमचा पेटून राहिला किंवा कायमचा विझला, तर तो बिघाड समजू नये. असे किती ठिपके खपवून घ्यायचे याचं एक आंतरराष्ट्रीय मानकच २००१ साली निघालं होतं, आयएसओ १३४०६-२. त्याच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायमचे पेटलेले आणि दोन कायमचे विझलेले माफ होते. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांच्या आसपास पिक्सेल असतात, म्हणजे चार जागे आणि चार झोपलेले. आमच्या सोसायटीच्या कमिटीत झोपलेल्यांचा आकडा बरोबर एवढाच आहे. जागे चार मात्र भरत नाहीत.

पुढे बघतो तर एकच चित्र तासन् तास पडद्यावर ठेवू नये. गेमच्या मशीनला दुसरं काम काय असतं? व्यावसायिक वापर चालणार नाही. आता कंपनीचा माणूस आला आणि त्याला टोकनची फट दिसली, तर घरातली दोन पोरं हे माझं गिऱ्हाईक ठरणार. विजेच्या दाबातल्या चढउतारानं झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. डोंबिवलीत दुसऱ्या कशानं नुकसान होतं? झुरळ, पाल, उंदीर यांच्यामुळे झालेलं नुकसानही नाही. मांजरीचा उल्लेख नव्हता, तेवढाच दिलासा.

"दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी पण आहे, सर," मुलगा म्हणाला. न चालणारी गोष्ट आणखी दोन वर्षं लांबवण्याचे ते वेगळे पैसे मागत होते. मी पाण्याचा पेला परत दिला आणि निघालो.

खरं सांगायचं तर एलसीडी मला मनातून नकोच होता. त्याचं कारण सांगायचं म्हणजे थोडं यंत्रात शिरावं लागतं. जुन्या गेमचा बोर्ड सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेघांच्या वेगानं चित्र पाठवतो. व्हीजीए जातीचा कॉम्प्युटर मॉनिटर ३१ हजारांच्या पुढचा. त्याला या बोर्डाची वायर जोडली की तो 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी लावतो आणि डोळे मिटतो. म्हणून मध्ये दुभाष्यासारखा एक कन्व्हर्टर बसवायचा. पण दुभाष्या आला की उशीर आला. मी बटण दाबतो, कन्व्हर्टर विचार करतो, एलसीडी विचार करतो आणि मुस्तफानं लाथ उचलेपर्यंत समोरच्यानं त्याला आडवं केलेलं असतं. उशीर डोळ्याला दिसत नाही, पण अंगठ्याला कळतो. शिवाय पिक्चर ट्यूबवर तेच चित्र कडेनं थोडं विरघळल्यासारखं, आतून उजळल्यासारखं दिसतं. एलसीडीवर ते नुसते चौकोन दिसतात, शाळेत आलेखवहीवर मोर काढायचो तसे.

तर मग आपला जुना, ढेरपोट्या घरगुती टीव्ही? तो सेकंदाला १५,६२५ रेघा ओढायचा. जवळजवळ तोच वेग. म्हणजे देशभर लोकांनी लाथेनं माळ्यावर सारलेला, कुणी भंगारात दोनशे रुपयांना दिलेला, कुणी कचऱ्याच्या गाडीमागे धावत फुकट चढवलेला टीव्हीच या कामाला सगळ्यांत लायक होता. आमचा रंगीत टीव्ही आम्ही २०११ साली काढला. खोकं त्याआधी दोन वर्षं काढलं होतं.

म्हणून पोटमाळा, म्हणून शेठ. त्याच्याकडच्या मॉनिटरच्या आत टीव्हीचीच चासी होती, फक्त लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे सिग्नल घेणारी करून दिलेली.

जाताजाता सांगतो. ज्या लॅमिंग्टन साहेबांच्या नावानं हा रस्ता अजून ओळखला जातो (सरकारी पाटीवर तो कधीचाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे), ते १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला होते आणि तिकडे लॅमिंग्टन नावाचा केक मिळतो. साहेब एकच. तिकडे त्याच्या नावाच्या वस्तूवर शेवटची तारीख छापलेली असते, इकडे त्याच्या नावाच्या रस्त्यावर कशावरच काही छापलेलं नसतं.

तर शेठशी घासाघीस सुरू झाली. मीही अगदीच रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. आदल्या रात्री कायदा वाचला होता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे आणि सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. हे मी शेठला शांतपणे ऐकवलं.

शेठनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सदोष म्हणजे डिफेक्टिव्ह ना? साहेब, तो डिफेक्टिव्ह निघणार नाही. मी डिफेक्टिव्ह म्हणूनच देतोय. पावतीवर लिहून देऊ?"

आणि त्यानं लिहून दिलं! 'जुना मॉनिटर, जसा आहे तसा, चालू कंडिशन.' खाली सही.

ही पावती मी जपून ठेवली आहे, कारण ती जेवढी वाचावी तेवढी खोल जाते. १९३०च्या मालविक्री कायद्यात 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' असे दोन वेगळे शब्द आहेत. वॉरंटी मोडली तर तुम्ही नुकसानभरपाई मागू शकता, पण माल नाकारू शकत नाही. कंडिशन मोडली तर अख्खा व्यवहारच मोडता येतो. म्हणजे कायद्याच्या घरात थोरली ती कंडिशन, वॉरंटी धाकटी. आणि आपला अख्खा जुना बाजार धाकटीला दारात उभी करत नाही आणि थोरली मात्र येताजाता फुकट वाटतो. 'चालू कंडिशन, साहेब.' कोर्टात काय होईल ते वकील जाणोत. मी ही पावती एका वकील मित्राला दाखवली. तो बराच वेळ हसला आणि त्यानं फी सांगितली. फी मॉनिटरच्या दुप्पट होती.

एक गोष्ट मात्र शेठच्या बाजूनं. त्यानं पावती बॉलपेननं लिहिली होती. पॉवर सप्लाय मी दुसरीकडून रीतसर घेतला होता, एक वर्षाच्या वॉरंटीसह. तिथली पावती त्या गुळगुळीत छापील कागदावरची. चौथ्या महिन्यात ती पांढरीशुभ्र झाली. वॉरंटी अजून आठ महिने होती, कशाची ते कागदाला आठवत नव्हतं.

अडीच हजारांत सौदा झाला. आता न्यायचा कसा? पिक्चर ट्यूबचा जीव तिच्या मानेत असतो. पुढची काच जाडजूड, हातोड्यालाही सहज दाद देणार नाही, पण मागे निमुळती होत गेलेली मान नळीएवढी. तिला जरा टिचकी बसली की आत हवा शिरते, सुस्स असा आवाज येतो आणि ट्यूब संपते. शेठनं वरून ओरडून सांगितलं, "खाली उतरल्यावर जबाबदारी नाही!" त्याच्या गॅरंटीची हद्द निदान मला नेमकी कळली. जिन्याच्या सतरा पायऱ्या.

लॅमिंग्टन रोड ते डोंबिवली मी छोट्या टेम्पोत, मागे, ते वीसेक किलोचं धूड मांडीवर घेऊन बसलो. ठाण्यापर्यंत बरा होतो. मुंब्रा बायपास आणि शिळफाटा यांच्यामधे कधीतरी मला पाय आहेत हे मी विसरलो. टेम्पोवाला प्रत्येक खड्ड्याआधी सौजन्यानं ओरडायचा, "सांभाळा!" पण तो खड्ड्याआधी ओरडायचा की खड्ड्यात, याचा फरक करायला शिळफाट्यावर जागाच नसते. रस्त्याचीही दोषदायित्वाची मुदत असते म्हणे, कंत्राटात लिहिलेली. रस्ता शेठच्या माळ्यावरून आलेला असावा.

घरी आल्यावर काका आले. काका म्हणजे आमच्या आळीतले टीव्ही मेकॅनिक, वय ७१. बाबांच्या त्या टीव्हीला गॅरंटी संपल्यानंतरची तेवीस-चोवीस वर्षं यांनीच सांभाळलं. त्यांनी आधी मला दोन हात लांब उभं केलं. ट्यूबला पंचवीसेक हजार व्होल्ट लागतात आणि बटण बंद केल्यावरही त्यातले बरेच आत दबा धरून बसतात. काकांनी पेचकसाला वायर बांधली, वायरचं दुसरं टोक चासीला लावलं आणि पेचकस ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवला. टक्! "गेले," काका म्हणाले. हे सगळं त्यांनी एका हातानं केलं. दुसरा हात पँटच्या खिशात. मला ती ऐट वाटली. "ऐट नाही रे. दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो." ही एकमेव सुरक्षा-योजना मी अशी पाहिली आहे, जिला खिशाशिवाय काही लागत नाही.

मग त्यांनी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मॉनिटर चालू केला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भपकन पेटतो आणि मॉनिटर वाचतो. बल्ब क्षणभर उजळला, मग मंदावला. काकांचा चेहराही तसाच.

"किती वर्षं टिकेल?" मी विचारलं. रक्तातच आहे.

काकांनी बोटानं एक कॅपॅसिटर दाखवला, पेन्सिलीच्या बुडख्याएवढा. त्यावर ८५ अंश असं छापलेलं. "हा ८५ डिग्रीवर दोन हजार तास टिकतो." दोन हजार तास म्हणजे त्र्याऐंशी दिवस! माझा चेहरा पडला. "पण दर दहा डिग्री कमी झाले की आयुष्य दुप्पट. पेटीत ४५ डिग्री धर. चार वेळा दुप्पट कर." मी केलं. बत्तीस हजार तास. पार्लर दिवसाला बारा तास चालायचं असं धरलं तर सात वर्षं. त्यात हा मॉनिटर आधीच किती जगून आला आहे ते शेठलाच ठाऊक. आत बसलेल्या डझनावारी कॅपॅसिटरांची प्रत्येकाची अशी एक लिहिलेली मुदत असते आणि ती कुणी वाचत नाही. तसं तर टीव्हीला थोबाडीत मारून चालू करण्यामागचं शास्त्रही काकांनीच सांगितलं. उष्णतेनं सोल्डरला बारीक तडा जातो, थापट मारली की तडा क्षणभर मिटतो. ड्राय सोल्डर. म्हणजे माझी आई जे चाळीस वर्षं करत होती ते निदानही होतं आणि उपचारही.

अमेरिकेत हे सगळं आधीच होऊन गेलं आहे. शिकागोच्या वेल्स-गार्डनर या १९२५ साली निघालेल्या कंपनीनं आणि कॅनडातल्या किचनर गावच्या इलेक्ट्रोहोमनं तिकडच्या कितीतरी मशिनांना मॉनिटर पुरवले. १९८० चा पॅक-मॅन त्यांतलाच. तिथले शौकीन ते मॉनिटर आजही चालवतात. त्यासाठी ते 'कॅप किट' घेतात, म्हणजे एका मॉडेलचे बदलायचे सगळे कॅपॅसिटर एका पुडीत. आपल्याकडे गणपतीला पूजेच्या साहित्याची तयार पुडी मिळते तशी. पण एक गोष्ट पुडीनं जात नाही. पॅक-मॅनची भूलभुलैया वर्षानुवर्षं एकाच जागी दिसत राहिली आणि अनेक ट्यूबांच्या काचेत कायमची उमटली. मशीन बंद केलं तरी दिसते.

हे मी काकांना मोठ्या विद्वत्तेनं सांगत होतो, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्यावरपण आहे." मॉनिटर बंद होता. खिडकीतून तिरपं ऊन पडलं होतं आणि करड्या काचेवर खालच्या बाजूला फिकट अक्षरं दिसत होती, 'इन्सर्ट कॉइन'. कुठल्या गावच्या पार्लरमधून आलं हे देव जाणे. विझल्यावरही पैसे मागणारं यंत्र मी पहिल्यांदाच घरात आणलं होतं. शेठला फोन केला. "डाग नाही साहेब, ओरिजिनल आहे त्याची खूण आहे."

पुढे आठवडाभर मॉनिटर उत्तम चालला, फक्त वरच्या कोपऱ्यात जांभळट छटा. काका आले, पेटी धरून पाव वळसा फिरवली आणि पडद्यापुढून चुंबक घालवायची कॉइल गोल गोल फिरवली. छटा गेली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ट्यूबमधले किरण थोडे ढळतात, तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर ते अवलंबून. "पूर्वेला तोंड असू दे," काका म्हणाले. एवढंच सासूबाईंच्या कानावर पडलं. घरात एवढी वर्षं मी वास्तुशास्त्राची टिंगल करतो. आता हॉलमध्ये देवघराच्या बरोबरीनं पूर्वाभिमुख अशी एकच दुसरी वस्तू आहे आणि आल्यागेल्याला ती दाखवली जाते.

गणपतीत, गौरी जेवल्या त्या दिवशी, घरात नातेवाइकांची अकरा पोरं. मुस्तफा रंगात आलेला. पेटीतून चर्र असा आवाज आला, पावसाआधी येतो तसा उग्र वास आला आणि पडदा काळा. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी थापट मारली. आईनं मारली. तिच्या थापटीलाही दाद नाही म्हटल्यावर मामला गंभीर होता.

काका रात्री आले. "ईएचटी गेली." पंचवीस हजार व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर तो. नवा मिळत नाही. त्याच चासीच्या जुन्या सेटमधून काढावा लागतो. काकांच्या माळ्यावर असे सहा सेट होते. आता पाच आहेत.

काम संपल्यावर मी पैसे दिले आणि जीभ आवरली नाही. "काका, याची गॅरंटी किती?"

काका उठता उठता थांबले आणि त्यांनी उजव्या गुडघ्यावर टकटक केलं. "हा मागल्या वर्षी बसवला. डॉक्टर म्हणाले, पंधरा वर्षं बघायला नको. कार्डपण दिलंय, नंबर घातलेलं. माझ्या अंगात गॅरंटी असलेला पार्ट तेवढाच. बाकी सगळं चालू कंडिशन."

"मुलाला शिकवलं नाहीत हे काम?"

"तो बंगलोरला. त्याचा टीव्ही बिघडला की तो नवा घेतो." मग चपला घालताना म्हणाले, "पण पाच सेट फार दिवस पुरणार नाहीत. कुणाकडे जुने असतील तर बघून ठेव. मी आहे तोवर लावून देईन."

तेव्हा तुमच्या माळ्यावर जुना २० किंवा २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल, तर भंगारात देऊ नका. बंद असला तरी चालेल, मागची मान तेवढी शाबूत हवी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत असाल तर मी टेम्पो घेऊन येतो आणि दोनशेच्या जागी तीनशे देतो. गॅरंटी कार्ड शोधत बसायची गरज नाही. खोकं असलं तर मात्र नक्की द्या.